बी.एस्सी. झाली, आता गादी की गणित?

गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलाच्या घरी निकालानंतर एकच बोलणे होते. वडील म्हणतात, "शिकलास तेवढे पुरे, आता दुकानावर बैस." मुलीच्या बाबतीत तर तेवढेही बोलणे होत नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील व्यापारी आणि कारीगर बांधवांपुढे आम्ही आज दुसरी बाजू ठेवीत आहोत. उपयोजित गणित व संख्याशास्त्राची एम.एस्सी. म्हणजे फक्त मास्तरकीची सोय, असा आपला समज आहे. खरे पाहता हा आपल्याच तिजारतीचा आणि हुनराचा हिसाब आहे.

सरासरीने फसू नये

दोन कापडे घ्या. पहिल्याची चार आठवड्यांची विक्री १०, १०, १०, १० थान. दुसऱ्याची २, १८, ४, १६ थान. दोन्हींची बेरीज ४० आणि सरासरी १०. वहीत दोन्ही माल सारखेच दिसतात. पण दर सोमवारी दोन्हींचा साठा १० थानांपर्यंत भरून ठेवला, तर पहिले कापड पूर्ण विकले जाईल. दुसऱ्याचे मात्र २, १०, ४, १० मिळून २६ थानच विकले जातील. १४ थानांचे गिऱ्हाईक परत जाईल. ते जाऊ नये म्हणून १८ थान भरून ठेवावे, तर भांडवल अडकते. म्हणजे सरासरीइतकाच चढ-उतारही मोजला पाहिजे. तो मोजणे आणि त्यावरून साठा किती ठेवावा हे ठरविणे, हे संख्याशास्त्राचे काम.

ढिगातली मूठ

एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात आपल्या नावाने ओळखला जात असे. तेव्हापासून आजपर्यंत कापसाची पारख ढिगातल्या मुठीवरून होते. जाणता व्यापारी वरचा कापूस पाहून भाव बोलत नाही. मधला आणि तळाचाही काढून पाहतो. या सवयीला शास्त्राचे रूप देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पदवी घेऊन ते थांबले नाहीत. लंडनला जाऊन त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर शेतातील मोजके तुकडे नियमाने निवडून साऱ्या मुलखाच्या पिकाचा अंदाज कसा बांधावा, यावर त्यांनी काम केले. १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. कापसाच्या संशोधनात काम केलेले वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले शेती-संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले. ते कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरले गेले.

याचा आपल्याशी संबंध काय? २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अशाच पीक-कापणी प्रयोगांचे आकडे नुकसानभरपाईच्या हिशेबात धरले जातात. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तरच आपली उधारी वसूल होते. म्हणजे ज्या आकड्यांवर आपली दिवाळी आणि ईद अवलंबून आहे, ते वाचून चूक दाखविणारा माणूस आपल्यात हवा.

मागावरची नजर

कारीगर बांधवांसाठी आणखी एक उदाहरण. मँचेस्टरच्या कापूस उद्योग संशोधन संस्थेत एल. एच. सी. टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. माग किती वेळ बंद राहतात हे शोधण्यासाठी दिवसभर घड्याळ घेऊन बसण्याऐवजी त्यांनी १९३० च्या दशकात सोपा मार्ग काढला. अवचित वेळी शेडमध्ये नजर टाकावी आणि कोणता माग चालू, कोणता बंद, एवढेच लिहावे. समजा, अशा १०० नोंदींपैकी २० वेळा माग बंद दिसला, तर बंद वेळ २० टक्के. पण हा अंदाज सुमारे ८ टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो. नोंदी ४०० केल्या तर हा फरक सुमारे ४ टक्क्यांवर येतो. चूक निम्मी करायची तर मेहनत चौपट! किती नोंदी पुरेशा, हे ज्याला कळते तो मालकाचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचवितो.

शिकावे कोठे?

तीन वर्षांच्या पदवीनंतर हा अभ्यास दोन वर्षांचा. नागपूर विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र या दोन्हींचे पदव्युत्तर विभाग आहेत. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने ८० किलोमीटरच्या आत आहे. आय.आय.टी.त जायचे असेल तर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा असते; तिच्यात गणित आणि गणिती संख्याशास्त्र असे वेगवेगळे विषय आहेत. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेली कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्थाही विद्यार्थ्यांनी डोळ्यांपुढे ठेवावी.

पुढच्या वाटाही अनेक आहेत. केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. याखेरीज बँका, औषध कंपन्या, रुग्णालयातील संशोधन, हवामान, कापड गिरण्यांतील दर्जा-तपासणी आहेच. मात्र नुसत्या पदवीवर काम भागत नाही. संगणकावर आकडे हाताळता आले पाहिजेत. त्यासाठी लागणाऱ्या 'आर' आणि 'पायथन' या दोन्ही भाषा फुकट मिळतात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकता येतात.

खर्चाचा प्रश्न

दोन वर्षे कमावता हात घरात येत नाही, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. संशोधनासाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिपही केंद्राने २०२२ साली बंद केली. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप मात्र सर्वांसाठी खुली आहे. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. पण ती मिळण्याची वाट एम.एस्सी.वरून जाते, आणि ती दोन वर्षे कोणीतरी सांभाळली पाहिजेत.

म्हणून आमचे सांगणे असे. गावातील चार-पाच दुकानदारांनी मिळून एका हुशार विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे वसतिगृह आणि जेवण उचलावे. कारीगराच्या मुलाला प्राधान्य द्यावे, कारण दुकानदाराचा मुलगा कसाही निभावून नेतो. सुट्टीत त्या मुलाने आपल्या वह्या घेऊन बसावे आणि कोणता माल किती भरावा हे आकड्यांनी सांगावे. दिलेली मदत अशी दुकानातच फेडली जाईल. गादी कोठे जात नाही. ती दोन वर्षे थांबेल. शिकण्याचे वय थांबत नाही.