प्रीअँपच्या निवडीविषयी

चि. बाळ,

आजोबांच्या लाँगप्ले तबकड्या तुझ्या स्वाधीन झाल्या आणि त्यांच्यासाठी ध्वनियंत्रणेची तजवीज करताना प्रीअँप डिजिटल घ्यावा की जुन्या अॅनॅलॉग पद्धतीचा, असा पेच तुला पडला, हे वाचून संतोष वाटला. कारण पुष्कळ लोक हा प्रश्न मनात येण्यापूर्वीच दुकानदाराच्या शिफारशीवर पैसे मोजून मोकळे होतात.

प्रीअँप हा यंत्रणेचा कारभारी होय. कोणाला आत घ्यावे आणि किती पातळीने पुढे अँप्लिफायरच्या हवाली करावे, हे तोच ठरवतो. सीडी प्लेअरकडून सुमारे २ व्होल्टचा सशक्त संकेत येतो, त्याला वाढवण्याची सहसा गरज नसते. तबकडीची गोष्ट निराळी. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात, आणि तेही मूळ स्वरूपात नव्हेत. खर्जाच्या रुंद लाटांनी खाचांची जागा अडवू नये व तारस्वर खरखरीत बुडू नयेत म्हणून तबकडी कोरतानाच खर्ज दाबलेला आणि तार उचललेला असतो, आणि १९५४ साली ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार त्याची नेमकी उलट भरपाई वाजवताना करावी लागते. हे नाजूक काम करणारा फोनो विभाग उत्तम नसेल, तर बाकीचा डामडौल व्यर्थ समजावा.

अंकांत रूपांतर होताच संगीताचा प्राण जातो, असे सांगणाऱ्यांवर मात्र विसंबू नकोस. २४ बिटांच्या चांगल्या रूपांतरातील गोंगाट तबकडीच्या स्वतःच्या खरखरीहून कितीतरी खाली असतो. आवाज अंकगणिताने कमी करताना दर ६ डेसिबलला एक बिट खर्ची पडतो खरा, पण २४ बिटांत तेवढी शिल्लक असते. उलट जुन्या पद्धतीच्या आवाजाच्या बटणात धूळ शिरली की ते खरखरते, आणि अगदी खालच्या पातळीवर डावा-उजवा आवाज पुष्कळदा विषम होतो.

डिजिटलचा खरा गुण खोलीच्या संदर्भात दिसतो. चौकोनी लहान खोलीत डग्ग्याचा एखादा खालचा स्वर अकारण घुमू लागतो. मायक्रोफोनने मोजमाप घेऊन डिजिटल यंत्र तो दाबू शकते, अॅनॅलॉगला हे सहसा साधत नाही. परंतु भिंतींच्या परावर्तनाने जो स्वर नाहीसाच होतो, तो कोणत्याही गणिताने परत येत नाही. त्याला स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढणे किंवा स्वतःची बैठक हलवणे हाच उपाय, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

तुझी बहुतेक श्रवणसामग्री संगणकावर असती, तर मी निःशंकपणे डिजिटलचा कौल दिला असता. संग्रहात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या विपुल असत्या तरीही दिला असता, कारण जुन्या कंपन्यांची कोरण्याची प्रमाणे परस्परांहून भिन्न होती आणि काही डिजिटल यंत्रांत ती निवडण्याची सोय असते. तुझी मुख्य ठेव लाँगप्लेची आहे. तेव्हा चांगल्या फोनो विभागाचा अॅनॅलॉग प्रीअँप घे, आणि संगणकासाठी डॅक, म्हणजे अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे यंत्र, वेगळा ठेव. डॅकच्या जोडण्या व प्रणाली काही वर्षांत मागे पडतात, तेवढाच भाग बदलता येईल. उलट अॅनॅलॉग प्रीअँप बिघडला, तर त्यातील रोधक आणि धारित्रे बदलून देणारा कारागीर अद्याप सापडतो.

सौदा करण्यापूर्वी दोन्ही यंत्रे घरी ऐकण्याची मुभा दुकानदाराकडून अवश्य माग, आणि ऐकताना दोहोंची पातळी समान असल्याची खातरजमा कर; किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड वाटतो, हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते.

तुझा,
काका