फिरतीवर निघताना परके गाव ओळखावे कसे?

आमच्या चाटी गल्लीत मुलगा पहिल्यांदा नमुन्याची बॅग घेऊन फिरतीवर निघाला की बाप शेजारच्या दुकानदाराला हमखास विचारतो, "वो गाव कैसा है? अकेला भेजूं क्या?" शेजारीही कापड मोजता मोजता सांगून टाकतो, "अच्छा गाव है, कुछ नहीं होता." दोघांचेही समाधान होते, पण या प्रश्नोत्तरातून गावाविषयी एक अक्षरही कळलेले नसते. सोलापूरची चादर आणि टॉवेल विकायला आपल्या लोकांना लातूर-नांदेडपासून विजापूर-गुलबर्ग्यापर्यंत (आताचे विजयपुरा आणि कलबुर्गी) एकट्याने जावेच लागते. म्हणून या विषयावर आम्ही आमच्या अनुभवातून चार गोष्टी मांडत आहोत.

अनुभव म्हणजे प्रथम आमच्या चुकीचा. १९९८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आम्ही सीमेपलीकडच्या एका तालुक्याच्या गावी उघराणीला गेलो. गाव शांत म्हणून प्रसिद्ध होते. एस.टी. उशिरा पोहोचली, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. स्टँडवर चहा घेताना आम्ही लॉजची चौकशी केली आणि बोलता बोलता "उघराणीला आलो आहोत, दोन दिवस राहू" असेही सांगून बसलो. बाजूला बसलेला एक सभ्य गृहस्थ सोलापूरचे नाव ऐकून खूश झाला. त्याला गड्ड्याची यात्रा ठाऊक होती, आमच्या चादरीचे त्याने कौतुक केले आणि आग्रहाने एका लॉजपर्यंत सोबतही केली. मॅनेजर म्हणाला, "नाव सकाळी लिहू." खोलीची आतली कडी ढिली होती. दुसऱ्या दिवशी वसुली चांगली झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा दार नुसते लोटलेले होते आणि उशाची बॅग नव्हती. ३८ हजार रुपये गेले. त्यातले निम्म्याहून अधिक सूतवाल्याचे देणे होते आणि उरलेली आमच्या मागावरच्या कामगारांची हप्त्याची मजुरी. अब्बांनी आम्हाला एका शब्दानेही बोलले नाही. घरातले दागिने गहाण ठेवून त्यांनी शनिवारी मजुरी वाटली.

यात गावाचा दोष किती, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. गाव शांतच होते, आजही आहे. पण आम्ही रात्री पोहोचलो, पैसे येणार हे अनोळखी माणसांत सांगितले, लॉज दुसऱ्याने निवडून दिला, आणि आम्ही कुठे उतरलो आहोत हे आमच्या पार्टीलाही माहीत नव्हते. गाव चांगले असूनही एकटा मुसाफिर असा उघडा पडतो.

गोड बोलून सोबत करणाऱ्याची ही चाल आपल्या मुलखात नवी नाही. सोलापूरजवळच्या नळदुर्गला १८५० च्या दशकात कारभार पाहणारा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी त्यापूर्वी ठगांवरच्या कादंबरीमुळे नावाजला होता. ती १८३९ मध्ये छापली गेली. त्या काळचे ठग व्यापारी, शिपाई किंवा यात्रेकरू बनून वाटसरूंना भेटत, दिवसचे दिवस सोबत चालत, एकत्र जेवत आणि पूर्ण विश्वास बसल्यावर गळ्यात रुमाल टाकत. आज रेल्वेत गुंगीचे बिस्कीट देणारा हेच करतो, फक्त त्याला दिवसांऐवजी दोन स्टेशने पुरतात.

आता चौकशीकडे वळू. "गाव कसे आहे?" हा प्रश्न विचारूच नये. विचारावे ते असे: शेवटची एस.टी. किती वाजता सुटते? स्टँडपासून बाजार किती लांब, आणि रात्री दहा वाजता रिक्षावाला किती घेतो? कापड लाइनची दुकाने किती वाजता बंद होतात? पावसाळ्यात वीज जाते का? अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात, कारण त्यात कोणाच्या गावाची इज्जत पणाला लागलेली नसते. आणि हे विचारावे कोणाला? ज्या पार्टीला माल विकायचा आहे तिला तर विचाराच. पण आपल्या गाठी त्या गावी नेणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या ड्रायव्हरला अवश्य विचारा. तो त्या गावात पहाटे तीन वाजताही उभा राहिलेला असतो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दर महिन्याला तीच गावे करतात, त्यांना लॉज तोंडपाठ असतात. मशिदीत नमाजनंतर इमाम साहेबांशी किंवा एखाद्या बुजुर्गाशी दोन शब्द बोलले तर मोहल्ल्याची हवा कळते. तिघांची उत्तरे जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर जिथे फरक पडला तिथेच नीट लक्ष घालावे.

काही शिकलेली मुले म्हणतात, सरकारी आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो दरवर्षी अहवाल काढतो हे खरे. पण त्याच्या महानगरांच्या तक्त्यात २० लाखांहून अधिक वस्तीची १९ शहरेच येतात. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. आपले सोलापूरसुद्धा नाही. शिवाय आकडा असतो तो नोंदलेल्या गुन्ह्यांचा. जिथे पोलीस तक्रार सहज लिहून घेतात तिथे आकडा फुगतो, जिथे फिर्यादीला परतवतात तिथे गाव कागदावर सज्जन ठरते. आमची १९९८ ची तक्रारही कुठल्या आकड्यात शिरली असेल असे वाटत नाही.

शक्यतो उजेडात पोहोचावे. आमच्या लोकांना सिद्धेश्वर एक्सप्रेस आवडते ती याचसाठी; रात्र गाडीत जाते आणि मुंबई सकाळी गाठता येते. पुण्याचे काम असेल तर हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे जाऊन रात्री परत घरी, मुक्कामाचा प्रश्नच नाही. मुक्काम करायचाच असेल तर दिवसाउजेडी लॉज पाहावा, स्वतः निवडावा. ओळखपत्र मागून रजिस्टरमध्ये नाव लिहिणाऱ्या मॅनेजरचा राग मानू नये. "सकाळी लिहू" म्हणणाऱ्याकडे थांबू नये. आतली कडी स्वतः लावून, ओढून पाहावी. जिन्यावर दिवा आहे का, खिडकीखाली छप्पर आहे का, तेही पाहावे.

स्टँडच्या आसपासचा भाग पाहून गावाचे माप काढू नये. तिथे सगळीकडे थोडी घाण आणि थोडे दलाल असतातच. बाजारपेठेत संध्याकाळी एक फेरी मारावी. आठ-नऊ वाजता बायका मुलांना घेऊन औषधाच्या दुकानी, किराण्याला निवांत येत-जात असतील, तर ते गाव बऱ्यापैकी बिनधोक समजावे. गावच्या बायका सातलाच घरात गेल्या असतील, तर त्यांना काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही. पत्ता विचारला तर चांगल्या गावात माणूस हाताने दिशा दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. "चला, मीच सोडतो" म्हणणारा दरवेळी वाईट नसतो, पण आम्ही आता नम्रपणे नाही म्हणतो.

एक गोष्ट मात्र जड मनाने लिहावी लागते. गाव सुरक्षित असले तरी दिवस सुरक्षित असेलच असे नाही. पुणे हे आपण सगळे घराइतके ओळखीचे मानतो. जून २०१४ च्या सुरुवातीला समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून तिथे दोन दिवस बसेस फोडणे चालू होते. २ जूनच्या रात्री हडपसरला नमाज पढून परतणारा आपल्या सोलापूरचाच एक तरुण अभियंता जमावाच्या मारहाणीत मारला गेला. त्याच्या पोस्टशी काहीही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी दिसली, एवढेच. २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. म्हणून निघण्याच्या सकाळी पार्टीला फोन करून "आज बाजार उघडा आहे का?" असे विचारावे. "दंगा आहे का?" असे विचारल्यास लोक लाजेखातर नाही म्हणतात, बाजाराविषयी मात्र व्यापारी खोटे बोलत नाही. मिरवणूक, बंद, निवडणुकीचा निकाल यांच्या तारखा पाहाव्यात. वारादिवशी दुकाने अवेळी शटर ओढू लागली तर कारण विचारत बसू नये, आधी मुक्कामी परतावे. माल काय, पुढच्या आठवड्यातही विकता येतो.

पैशाचा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्याची बंदी आहे, आणि बहुतेक पार्ट्या आता बँकेतून किंवा मोबाइलवरून रक्कम पाठवतात. पण त्यामुळे सगळी पेढी खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली. फिरतीच्या मोबाइलला थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडावे, आणि घरचे, पार्टीचे, बँकेचे नंबर कागदावर लिहून ठेवावेत. अडचणीत ११२, रेल्वेत १३९. धावत्या गाडीत चोरी झाली तर तिकीट तपासनीसाकडे किंवा सुरक्षा दलाच्या जवानाकडे तक्रार देता येते, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो. "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

आमच्या दुकानात १९९९ पासून एक गावांची वही आहे. प्रत्येक गावाला एक पान: शेवटची गाडी, लॉज, कोणाला फोन करायचा. फिरतीवरून आलेला माणूस चहाच्या आधी त्यात लिहितो. मागच्या वर्षी आमची पुतणी शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरसाठी पहिल्यांदा एकटी गेली. त्या गावच्या पानावर आमच्याच अक्षरात लिहिले होते, "स्टँडसमोरचा लॉज चांगला, स्वस्त." तिने ते खोडून खाली लिहिले आहे, "चाचाजान, जिन्यावर दिवा नाही आणि खाली रात्रभर पत्ते चालतात. मी शाळेच्या बाईंच्या घरी राहिले. पुढच्या वेळी त्यांनाच फोन करावा."