शहरांतील शेतकरी-बाजारास भेट व खानदेशचा सेंद्रिय माल

आठवड्याचा बाजार खानदेशी शेतकऱ्यास नवा नाहीं. परंतु मोठ्या शहरांतून अलीकडे जे शेतकरी-बाजार भरूं लागले आहेत, त्यांची रीत निराळी आहे. तेथें पिकविणारा स्वतः विकावयास बसतो, मध्यें अडत्या नसतो, आणि घेणारा मालाच्या भावाइतकीच त्याच्या लागवडीची चौकशी करितो. मुंबईस वांद्रे येथें असा बाजार 2010 सालीं सुरू झाला. पुढें जुलै 2016 मध्यें महाराष्ट्र सरकारनें बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळें-भाजीपाल्याची विक्री नियमनांतून मोकळी केली, व त्याच वर्षीं ऑगस्टांत विधानभवनाच्या आवारांत शेतकरी आठवडे बाजार भरविण्यांत आला. ही योजना संत सावता माळी यांच्या नांवानें काढली, हें योग्यच झालें.

अशा बाजारांत माल नेण्यापूर्वीं एकदां रिकामी पिशवी घेऊन, ग्राहक म्हणून जावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. बाजार उघडतांना जावें आणि उठेपर्यंत थांबावें. सकाळची गर्दी पाहून पुष्कळ जण भुलतात. खरें शिकावयाचें तें शेवटच्या तासांत. कोणाच्या पाट्या रिकाम्या झाल्या, कोणाची पालेभाजी सुकून पडली, कोणी भाव उतरविला व कोणी माल परत बांधला, हें टिपून ठेवावें. तसेंच विक्रेत्यांचीं उत्तरें ऐकावीं. "घ्या ताई, सगळें सेंद्रियच आहे," एवढेंच जो म्हणतो, त्याच्याकडून ग्राहक एकदां घेतो. खत कोणतें, किती घातलें, कीड पडली तेव्हां काय केलें, हें जो सांगूं शकतो, त्याच्याकडे तोच ग्राहक पुढील आठवड्यास शेजारीण घेऊन येतो. न्यूयॉर्क शहरीं 1976 पासून चालणाऱ्या ग्रीनमार्केट बाजारांचा मुख्य नियमच असा कीं, विक्रेत्यानें स्वतः पिकविलेलेंच विकावें. आपल्याकडे मात्र पहाटे मंडईंतून माल उचलून शेतकरी म्हणून बसणारेही आढळतात, व त्यांच्यामुळें खऱ्याचाही भरंवसा जातो.

आतां 'सेंद्रिय' या शब्दाविषयीं. कंपोस्ट खताची इंदूर पद्धत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं 1924 ते 1931 या काळांत इंदूर येथें, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडेंच, सिद्ध केली. तेव्हां ही विद्या परकी समजण्याचें कारण नाहीं. परंतु रासायनिक खत एका हंगामांत बंद केलें म्हणजे माल सेंद्रिय झाला, असें नव्हे. प्रमाणपत्राच्या नियमांप्रमाणें हंगामी पिकांस सामान्यतः 2 वर्षें व फळझाडांसारख्या बहुवर्षायु पिकांस 3 वर्षें संक्रमणाचा काळ धरितात. एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देण्याची सहभागी पद्धत लहान शेतकऱ्यांस सोपी आहे. तिच्यासाठीं जवळपासच्या किमान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो. 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनीं लहान उत्पादकास थेट ग्राहकास विकतांना प्रमाणपत्राची सूट दिली आहे. मात्र प्रमाणपत्रावांचून सेंद्रिय मालाचें सरकारी चिन्ह लावतां येत नाहीं.

खानदेशांतील खरी अडचण कागदाची नसून कपाशीची आहे. आपण वांग्यावर निंबोळी-अर्क फवारावा, आणि बांधापलीकडच्या कपाशीवरील औषधाचे तुषार वाऱ्यानें आपल्याच वांग्यावर यावे, हा प्रकार नेहमींचा. वारा कोणत्या बाजूनें वाहतो तें पाहून त्या बाजूस दाट व उंच पिकाचा पट्टा ठेवावा, आणि त्या पट्ट्यांतील माल सेंद्रियांत न मिसळतां वेगळा विकावा. हें नुकसान नव्हे काय, असें कोणी विचारील. होय, थोडें आहेच. पण ग्राहकास तोंड देतांना त्याचा उपयोग कळतो.

माल कोणता न्यावा, याचा निर्णय हिशेबानें करावा. जळगांवचें भरिताचें वांगें 2016 पासून भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, व बामणोदकडील वांग्याची कीर्ति शहरांतही पोंचली आहे. परंतु त्याची साल पातळ; मुंबई सव्वाचारशें किलोमीटरांवर. समजा, 100 किलो वांगीं आहेत व गांवीं जागेवर 20 रुपये भाव मिळतो, म्हणजे 2,000 रुपये. मुंबईस 60 रुपयांनीं 70 किलो गेलीं व उरलेलीं 30 किलो उठतांना 15 रुपयांनीं दिलीं, तर 4,650 रुपये हातीं येतात. त्यांतून मालाचें भाडें 1,200, जागेचे 300, दोघांचा प्रवास व जेवण 700, आणि दोघांची दोन दिवसांची मजुरी 400 रुपये रोजाप्रमाणें 1,600 वजा केली म्हणजे राहतात 850. उलट, जळगांव किंवा धुळें शहरांतच 40 रुपयांनीं 80 किलो व शेवटीं 15 रुपयांनीं 20 किलो विकलीं, तर 3,500 रुपये येतात; भाडें 200, जागा 100 व एका माणसाचा रोज 400 जातां 2,800 उरतात. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे घालून पाहावें. स्वतःची मजुरी मात्र धरण्यास विसरूं नये. बहुतेकांची चूक तेथेंच होते.

यावरून दूरच्या बाजाराचा नाद सोडावा, असा अर्थ नाहीं. दादर ज्वारी, घरीं भरडलेली तूरडाळ, कळण्याच्या भाकरीसाठीं ज्वारी-उडीद, लाल मिरचीची पूड, भुईमुगाचे दाणे हा माल उरला तरी परत येतो, सडत नाहीं. आणि मुंबई-पुण्यांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांस त्याची ओढ असते. पांच शेतकऱ्यांचा असा कोरडा माल एका गाडींत गेला व पाळीपाळीनें एकानेंच विक्री केली, तर खर्चाचा भार प्रत्येकावर थोडा पडतो. मात्र प्रत्येक थैलीवर कोणाच्या शेतांतील माल तें लिहावें, म्हणजे विचारणाऱ्यास नेमकें उत्तर देतां येतें.

भरिताच्या वांग्याचा भर थंडींत असतो. म्हणून भेटही त्याच दिवसांत करावी. आणि पुढील वर्षीं कोणतें शेत या मालास राखावयाचें, हें कपाशीची लागण होण्यापूर्वीं ठरवावें. आखाजीस सालदार नेमतांना गांवांत बोलणीं होतच असतात. त्याच वेळीं बांधाच्या शेजाऱ्याशीं फवारणीची गोष्टही बोलून घ्यावी.