विटा झेलणारे हात

मुलांनो, पवनीच्या मैदानावर क्रिकेट खेळताना उंच उडालेला चेंडू तुम्ही धावत जाऊन झेलता ना? अमेरिकन फुटबॉलमध्ये 'वाइड रिसीव्हर' हेच काम करतो. तो मैदानाच्या कडेजवळ उभा राहतो. खेळ सुरू होताच ठरलेल्या वाटेने धावतो, विरोधी खेळाडूला चुकवतो आणि लांबून फेकलेला चेंडू झेलतो. चेंडू जमिनीला लागला, तर झेल धरला जात नाही.

जेरी राइस हा असाच एक थोर खेळाडू. त्याचे वडील गवंडी होते. लहानपणी त्यांना मदत करताना जेरी भावाने फेकलेल्या विटा झेलत असे. पुढे १९८५ ते २००४ या काळात व्यावसायिक साखळी सामन्यांत त्याने १,५४९ झेल घेतले. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

मग सांगा, घरच्या कामाची लाज का वाटावी?

शब्दार्थ : गवंडी – विटांचे बांधकाम करणारा कारागीर.