फाइलवरचा शेरा

चि. मनूस,


तुझं पत्र पोचलं. तुमच्या व्यसनमुक्ती सेंटरमधला तो फासेपारधी पेशंट समोर बसतो, प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो, आणि तुमच्या सरांनी फाइलवर ‘डिनायल’ लिहून टाकलं. मला हा शेरा घाईचा वाटतो.

तू त्याला काय विचारलंस ते तूच कळवलं आहेस: नाव, बापाचं नाव, राहायला कुठे, धंदा काय, घरात कुणावर केस आहे का. अगं, हे तर चौकीतले प्रश्न! 1871पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952मध्ये रद्द झाला खरा, पण या पेशंटच्या आधीच्या पिढ्यांनी पोलिसांकडे हजेऱ्या दिल्या आहेत. सोलापुरात तर कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवली होती. आजही गावात चोरी झाली की संशय आधी पालांवर जातो. अशा घरातलं पोर कागद-पेन घेऊन बसलेल्याला ‘नाही’ म्हणायला लहानपणीच शिकतं. ते शहाणपण आहे, आजाराचं लक्षण नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी फॉर्म बाजूला ठेव. त्याला दार दिसेल अशी खुर्ची दे. लिहायची वेळ आली तर काय लिहितेस, कोण वाचणार, हे आधी सांग. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. या हक्काला अपवाद आहेत, तेही सांग. पुढे मोडावा लागेल असा शब्द आज देऊ नकोस.

आणि त्याने सोसलेल्या पोलिसांच्या मारहाणीची हकीकत उकरायला जाऊ नकोस. तुमच्या कोर्समध्ये बोलतं करणं फार शिकवतात, थांबणं कमी. इतकी वर्षं जे दारूने दाबून ठेवलं, ते दारू काढून घेतल्या घेतल्या तू वर आणलंस, तर तू संध्याकाळी घरी जाशील आणि तो रात्रभर वॉर्डात त्या आठवणींसोबत एकटा राहील. आधी झोप, जेवण, हातांची थरथर. दारू तुटल्यावर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. तो जिवावरचा प्रकार आहे, डॉक्टरांना तत्काळ बोलवायचं. पण त्या अवस्थेत खाकी शर्टातला वॉर्डबॉय त्याला धरायला धावला, तर त्याला काय दिसेल? शर्टाचा रंग बदलायला पैसे लागत नाहीत. सरांना विचार.

दुसरं टोकही सांभाळ. ‘पारधी म्हणजे असे’ हे पुस्तकातून वाचून त्याच्यावर लादू नकोस. देवीला मानतो का, जातपंचायतीची भीती आहे का, की त्याला यातलं काहीच नको आहे, ते त्याच्याकडूनच कळू दे.

त्याची बायको माळ घालायला सांगते आहे म्हणालीस. हसू नकोस. आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सोडलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. माळकऱ्याला कुणी पेल्याचा आग्रह करत नाही, ही केवढी सोय! पण स्लिप झाली की तो माळ काढून ठेवतो आणि लाजेने देवळात फिरकत नाही, तुमच्या सेंटरलाही नाही. म्हणून माळ घालायच्या आधीच, बायकोच्या समोर, बोलून ठेव: पिणं झालं तर दुसऱ्या दिवशी यायचं, माळ असो वा नसो. आणि बायकोला वेगळी वेळ दे. मारहाण तिनेही सोसली असेल, पोलिसांची आणि त्याचीही. त्याच्यासमोर ती ते बोलणार नाही.

सरांशी शेऱ्यावरून वाद घालत बसू नकोस. त्याच पानावर, तारखेसह, तू काय पाहिलंस ते लिही: ‘प्रश्न विचारताना दाराकडे पाहतो, फॉर्म मिटल्यावर मुलांबद्दल बोलला.’ असं काही घडलं तरच, अर्थात.

तुमच्या फॉर्मवर जातीचा रकाना आहे का, आणि भरल्यावर तो नक्की कोण वाचतं, हे मला पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी