आधी खोक्यावर, मग गुडघ्यावर

बुटाचा एक रिकामा खोका घ्या. झाकणाला मोबाईलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा आणि बाजूला लांब चिमटा जाईल एवढं दुसरं. आत तुरीचे दहा दाणे आणि बाटलीचं एक बूच ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ आणि टॉर्च चालू करून तो झाकणावर ठेवा. आता मुलाला सांगा, फक्त पडद्यावर बघून दाणे बुचात टाक.

हिमायतनगरला आमच्या वर्गात हे केलं तेव्हा सगळ्यात सुंदर अक्षर असलेली मुलगी पहिल्याच दाण्याला अडकली. चिमटा दाण्याच्या वर हवेतच फिरत होता. पडद्यावर खोली कळत नाही ना!

गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, शिकणाऱ्या डॉक्टरांची अडचण हीच असते. एका छिद्रातून साधारण 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. हात गुडघ्याशी, डोळे पडद्यावर. त्यात नेहमीच्या दुर्बिणीची नजर 30 अंश तिरकी, त्यामुळे ती जागच्या जागी नुसती फिरवली तरी दृश्य बदलतं. आणि हात चुकला तर? हाडांच्या टोकांवरच्या कुर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिथला ओरखडा कातडीवरच्या जखमेसारखा भरून येत नाही.

टोकियोच्या केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिलं, तेही मृतदेहाच्या. पुढे शिकणारे मात्र बहुतेक वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून, पेशंटवरच शिकत गेले. आता त्याआधी सरावाची पेटी असते. तिच्यात हत्याराने ठरलेल्या खुणांना स्पर्श करायचा, छोट्या कड्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यायच्या, गाठ मारायची. काही पेट्यांना आधी पारदर्शक झाकण असतं, हात जमला की अपारदर्शक. आपण मुलाला सायकल शिकवताना मागचा हात हळूच सोडतो, तसंच हे.

पेटीत रक्त येत नाही, खरा सांधा तिच्यापेक्षा घट्ट असतो. तेव्हा पेटीवर जमलं म्हणजे सर्जन झाला, असं नाही. पण आपल्याकडेही 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक झाली आहे. विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजची स्वप्नं बघणारी आपली पोरं टाके घालायलाही आधी नकली कातडीवरच शिकतील.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पेटीवरची चूक कुणाला दुखत नाही, म्हणून शिकणारा ती लपवत नाही. आपण मात्र कच्च्या वहीवरसुद्धा लाल पेन चालवतो! मीही चालवायचो.

चौथ्या दिवशी त्याच मुलीने दहाही दाणे बुचात टाकले. मग तीच म्हणाली, "सर, आता डाव्या हाताने करू का?"