शिक्षक, नकाशा आणि उपग्रह-प्रतिमा

उपग्रहाने घेतलेली प्रतिमा वर्गाच्या भिंतीवर लावली म्हणजे भूगोलाचा धडा झाला, असे नव्हे. प्रतिमा वाचावी लागते आणि ती वाचण्याची विद्या प्रथम शिक्षकाने आत्मसात करावी लागते. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेने २००७ साली दूरशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. २००९ साली ‘भुवन’ या संकेतस्थळावर भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा सर्वांस खुल्या झाल्या. ही साधने वर्गात कशी वापरावीत, हे झाशी छावणीतील एखाद्या शाळेच्या उदाहरणाने पाहू.

पहिली पायरी नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. हे गणित मुलांकडून पक्के करून घ्यावे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार खुल्या नकाशांतून लष्करी महत्त्वाची स्थळे वगळली जात असत. त्याचे कारण छावणीतील मुलांस समजावून द्यावे आणि अभ्यासासाठी छावणीबाहेरचे स्थळ घ्यावे. झाशीच्या पूर्वेकडील बरुआ सागर हा जुना तलाव त्यास योग्य आहे.

दुसरी पायरी प्रतिमेची. ‘रिसोर्ससॅट’ उपग्रहावरील ‘लिस-३’ कॅमेऱ्याच्या प्रतिमेतील एकेक चौकोन जमिनीवर सुमारे २४ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. एकटे घर त्यात ओळखू येत नाही. मोठा तलाव मात्र स्पष्ट दिसतो. हिरवी पाने डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. त्या किरणांस प्रतिमेत लाल रंग देण्याचा प्रघात आहे. म्हणून पिके लाल दिसतात. पाणी ते किरण शोषून घेते, म्हणून ते काळसर दिसते.

तिसरी पायरी तुलनेची. पावसाळ्यात ढग आड येतात. याकरिता ऑक्टोबर व मे या महिन्यांतील प्रतिमा एकाच प्रमाणात घ्याव्यात, त्यांवर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवावा आणि पाण्याने व्यापलेल्या चौकटी मोजाव्यात. बुंदेलखंडातील कठीण ग्रॅनाइट खडकात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून येथील लोकांनी पूर्वापार तलाव बांधले. हे साठे किती आटतात, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न आहे. तो मुलांना स्वतः मोजता येतो.

येथेच शिक्षकाची कसोटी लागते. प्रतिमेवरून पाण्याचा विस्तार कळतो, खोली कळत नाही. तेव्हा विस्तार निम्मा झाला म्हणजे साठाही निम्माच उरला, असे म्हणता येत नाही. पाणवनस्पतींनी झाकलेला भाग तर लाल दिसतो आणि मुले त्यास शेत समजतात. ही चूक पडद्यासमोर बसून उमगत नाही. नकाशा हाती घेऊन मुलांना तलावाच्या काठी नेले पाहिजे. आकाशातून मिळालेल्या माहितीचा जमिनीवर पडताळा घेण्याची सवय मुलांस लावणे, हेच या शिक्षणाचे खरे फल होय.